खानावळीच्या आठवणी स्वखर्चाने छापायच्या तर आधी खाड्यांची वही काढा

प्रश्न कोल्हापुरातल्या एका काकांचा आहे. वय ६८. १९८१ पासून मार्च २०२० पर्यंत खानावळ चालवली, मेंबर बहुतेक कॉलेजची पोरं आणि एकटे राहणारे नोकरदार. मधल्या काळात लग्नकार्यांची ऑर्डरही घ्यायचे. आता दोनशेपानी चार वह्या भरून आठवणी लिहिल्या आहेत. एका प्रकाशनाने १००० प्रतींचे पावणेदोन लाख सांगितलेत. काका विचारतात, स्वतःच छापावं का, काय काय करावं लागतं, खर्च किती, आणि मुख्य म्हणजे हे कोण वाचणार? सोबत पहिल्या वहीची दहा पानंही पाठवली आहेत.

काका, मी १९९६ मध्ये लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपीला, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायला लागले. पुढे मुद्रितं, म्हणजे प्रुफं तपासायला लागले, मग संपादन. निवृत्त माणसांची चाळीसेक आत्मकथनं माझ्या हातून गेली असतील. त्यात शिक्षक सगळ्यात जास्त, मग बँकवाले, दोन एसटी कंडक्टर, एक वायरमन, आणि तुमच्या धंद्यातले तिघे. त्यामुळे सांगते ते छापखान्याच्या बाजूने सांगते, साहित्यिकाच्या नव्हे.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमची दहा पानं वाचली. पहिल्या पानावर ‘व्यवसायाची मुहूर्तमेढ रोवली’ आहे, तिसऱ्यावर अन्नदानाचं पुण्य, पाचव्या-सहाव्यावर तीन सत्कार, कुणाच्या हस्ते ते पदासकट. राग मानू नका, पण हे वाचून मला तुमच्या खानावळीत कसला वास यायचा तेसुद्धा कळलं नाही. मग सातव्या पानावर एक ओळ आली: ‘शनिवारी रात्री भाकरी पन्नासनं कमी लागायची, पोरं गावाला जायची.’ तिथं मी थांबले. ही ओळ दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. गारगोटी, चंदगड, राधानगरीची पोरं शनिवारी एसटी धरणार, सोमवारी सकाळी डोळे चोळत परत येणार, आणि ते एका माणसाला भाकरीच्या आकड्यावरून कळणार. अशा दोनशे ओळी असतील तर लोक वाचतील. सत्कार तुमच्या घरचेही वाचणार नाहीत, फक्त स्वतःचा फोटो शोधतील.

तेव्हा वह्या बाजूला ठेवा आणि खाड्यांची वही शोधा. टाकली नसेल तर. खानावळीत न जेवलेल्यांना कळणार नाही म्हणून सांगते: मेंबर ज्या वेळेला जेवणार नसेल तो खाडा, आणि तो आधी सांगितला तरच महिन्याच्या हिशेबात वजा. ‘मालक, उद्या दोन्ही वेळचा खाडा धरा.’ तीस दिवसांचे रकाने, प्रत्येक नावापुढे फुल्या. तुमच्या दृष्टीनं तो हिशेब, माझ्या दृष्टीनं ती ३९ वर्षांची रोजनिशी आहे. परीक्षेच्या आधी कुणाचे खाडे एकदम बंद होतात, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला कोण गायब होतं, कुणाचा खाडा लागोपाठ अकरा दिवस पडला आणि बाराव्या दिवशी तो डोक्याचे केस काढून ताटावर बसला. ऑगस्ट २०१९ चं पान उघडा. पंचगंगेनं शहर वेढलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद, गावाला गेलेले तिकडं अडकले आणि इथं उरलेल्यांना गावाला जाता येईना. त्या आठवड्यात किती जण जेवले? भाजी कुठून आणली? आणि मार्च २०२० चं शेवटचं पान, ज्यावर एका तारखेनंतर फुल्यासुद्धा नाहीत. एवढ्या तीन पानांवर तीन प्रकरणं उभी राहतात, आणि एकातही विशेषण लागत नाही.

दुसरी गोष्ट दर. १९८१ ला महिन्याचा दर काय होता, पहिल्यांदा कधी वाढवला, कितीनं? दर वाढवायच्या आदल्या रात्री झोप लागली होती का? पाटी कुणाकडून लिहून घेतली? दर वाढला तेव्हा कोण सोडून गेलं आणि पंधरा दिवसांत कोण परत आलं? पुस्तकाला सनावळी हवी असते. तुमच्याकडे ती दरपत्रकात आयती आहे. रॉकेलच्या स्टोव्हवरून गॅसवर कधी आलात हेही त्याच्याच शेजारी बसतं.

आता एक प्रसंग सांगते. तुमच्याच धंद्यातल्या एका मालकांचं पुस्तक करत होते. माणूस स्वतःच्या कामाबद्दल गप्प. मी विचारायची, ‘पांढऱ्या रश्श्याचं सांगा की.’ ते म्हणायचे, ‘त्यात काय, सगळेच करतात.’ चार बैठका अशाच गेल्या. पाचव्या वेळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, करून दाखवा. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उकळत होतं. खसखस-तिळाचं वाटण गेलं, नारळाचं दूध ओतलं, आणि इतका वेळ हसून बोलणारा माणूस एकदम गप्प. पळी एकाच दिशेनं फिरत राहिली. डोळा पातेल्याच्या कडेवर. कडेला पहिला बारीक बुडबुडा दिसला तसा त्यांनी चटकन गॅस बंद केला आणि म्हणाले, ‘आणखी इतकं झालं असतं तर फुटला असता.’ आणि मग आपण होऊन सुरू झाले: १९९३ च्या एका लग्नात दोनशे माणसांचा रस्सा कसा फुटला, वरमाईला काय सांगितलं, ताकाची कढी म्हणून काहीतरी कसं निभावून नेलं. मी मोबाइल ओट्यावर ठेवून दिला होता. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, आणि ते प्रकरण जवळजवळ तसंच छापलं. तुम्हाला लिहिताना सुचत नसेल तर लिहू नका, करा. भाकरी बडवा, चटणी कुटा, नातवाला रेकॉर्डिंग करायला सांगा. तुमची आठवण बोटांत आहे, ती खुर्चीवर बसून येणार नाही.

तिसरं, आणि हे जरा ठासून सांगते. दहा पानांत काकू एकदाच आल्यात, ‘माझ्या सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली’ म्हणून. काका, पहाटे चारला कणीक कोण मळायचं? भाकऱ्यांना ज्या बायका यायच्या त्या किती होत्या, कुठल्या गल्लीतून यायच्या, त्यांना आजारपण आलं की तवा कोण धरायचं? माझ्याकडे आलेल्या तिन्ही खानावळवाल्यांनी हेच केलं होतं. तिन्ही पुस्तकांतली सगळ्यात चांगली पानं नंतर बायकोकडून मिळाली, कारण मालक गल्ल्यावर आणि बाई चुलीपाशी. गल्ल्यावरून निम्मंच दिसतं. काकूंचं एक प्रकरण त्यांच्याच तोंडचं ठेवा, ‘मी’ म्हणून.

नावांबद्दल. बुडवून गेलेला भागीदार, फुकट जेवणारा साहेब, उधारी ठेवून पळालेली आणि आज मोठ्या हुद्द्यावर असलेली पोरं, हे सगळं तुमच्या वह्यांत असणारच. लिहून काढा, मन मोकळं करा, पण छापण्याआधी चाळणी लावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि बदनामीचं कलम ३५६ आहे. ‘खरं तेच लिहिलं’ एवढ्यानं सुटका होत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. माणूस वारलेला असला तरी घरच्यांचं मन दुखवायच्या हेतूनं लिहिलं असं ठरलं तर ते याच कलमात बसतं. आणि नुसतं नाव बदलून कोल्हापुरात काही होत नाही. ‘बिनखांबी गणेशाजवळच्या दुकानाचा मालक’ लिहिलंत की अख्ख्या पेठेला कळतं. नाव, धंदा, जागा तिन्ही बदला, किंवा प्रसंगातली तुमची फजिती ठेवा आणि समोरचा माणूस धूसर करा. उधारीवाल्यांचं तर मी म्हणेन, रक्कम लिहा, नाव नको. ज्याचं त्याला कळतं. एका पुस्तकानंतर मालकांकडे तीन मनीऑर्डरी आल्या होत्या.

प्रकरणाच्या माथ्यावर सिनेमातल्या गाण्याच्या ओळी टाकायची हौस बऱ्याच जणांना असते. परवानगी लागते, टाकू नका.

आता छापायचं. दोनशेपानी चार वह्या म्हणजे आठशे पानं. हाताच्या अक्षरात पानाला दीडशे शब्द धरले तर सव्वा लाखाच्या आसपास शब्द, डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकारात चारशेवर पानं. एवढं नको. १७६ पानांत बसवा. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या छपाईला, सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फॉर्म; अकरा फॉर्म बरोबर होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त मजकूर काढावा लागेल, आणि ते काम तुम्ही करू नका. तुम्हाला सगळंच प्रिय असणार. बाहेरचा संपादक लावा. पैसा कुठं खर्चायचा असं विचाराल तर इथं. कव्हरवर सोनेरी अक्षरं नसली तरी चालतं.

टाइप करून घेताना एकच अट घाला, युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर तसंच दिसणारं टायपिंग. जुन्या ऑपरेटरांकडे अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत काम चालतं, ते वाईट नाही, पण नंतर ई-बुक करायचं म्हटलं की फाइल बदलावी लागते आणि जोडाक्षरं तुटतात. ही चूक मी स्वतः केली आहे. त्याच पांढऱ्या रश्श्यावाल्या पुस्तकात बदललेल्या फाइलमध्ये ‘भाकऱ्या’चं सगळीकडे ‘भाकर्या’ झालं, र पापणीसारखा आडवा राहायचा तो उडून य च्या डोक्यावर बसला. खानावळीचं पुस्तक, त्यात भाकऱ्या किती वेळा येणार! १३७ ठिकाणी. मी ‘दुसऱ्या’, ‘सगळ्या’ तपासत बसले आणि हे निसटलं. पहिल्या ५० प्रती तशाच गेल्या. मालकांनी काही म्हटलं नाही, त्यांच्या सुनेनं फोन करून विचारलं, ‘ताई, ह्या भाकर्या कुठल्या?’

मुद्रितशोधक घेताना त्याला आधी बजावून ठेवा की ऱ्हस्व-दीर्घ बघ, शब्द बदलू नकोस. एका महाभागानं ‘कालवण’चं ‘रस्साभाजी’ केलं होतं आणि ‘भाकऱ्या बडवल्या’चं ‘भाकऱ्या केल्या’. मेंबर बोलतात ती भाषा जशीच्या तशी राहू द्या. निवेदनात ‘असं, केलं’ चालतं. मात्र एका पानावर ‘केले’ आणि पुढच्यावर ‘केलं’ असं होऊ देऊ नका.

फोटो आठ-दहाच, पण ओरिजिनल प्रिंट स्कॅन करून. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापला की तोंडावर चौकोन दिसतात. सत्कारांचे फोटो नकोत हे आता पुन्हा सांगत नाही. रिकाम्या खानावळीचा एखादा असेल तर तो पहिला.

किती प्रती? काका, ऐंशी मेंबर असताना तुम्ही कधी हजार ताटांचा भात लावलात का? मग हजार प्रती कशाला? माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हौसेनं १००० छापल्या. वर्षभरात ३१० गेल्या, त्यातल्या निम्म्या भेट म्हणून. उरलेले गठ्ठे शाहूपुरीत तळमजल्यावर ठेवले होते आणि २०१९ चा पूर आला. पाणी उतरल्यावर मी बघायला गेले होते. पुस्तक सुकत नाही. आतला कागद फुगतो आणि कव्हरं एकमेकांना चिकटतात, गठ्ठा विटेसारखा होतो. ३०० छापा, डिजिटलवर, म्हणजे प्लेट न करता थेट फाइलवरून. फाइल तुमच्याकडे आहे, संपल्या की पुन्हा १०० काढता येतात. पाचशेच्या पुढं गेलात तरच ऑफसेटचा विचार करा, तिथं प्लेटचा खर्च प्रतींवर विभागला जातो म्हणून हजाराला स्वस्त वाटतं.

माझ्या अलीकडच्या कामांवरून सांगते. १७६ पानी डेमी, ७० जीएसएम वजनाचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद, आर्ट कार्डचं मॅट लॅमिनेशन केलेलं कव्हर, ३०० प्रती डिजिटल, प्रतीला शंभर ते सव्वाशे. म्हणजे छपाई पस्तीस हजारांच्या आसपास. टायपिंग, मांडणी, दोन मुद्रितं, कव्हर आणि संपादन मिळून पंचेचाळीस-पन्नास. छपाईपेक्षा जास्त, आणि तसंच असायला हवं. तीन ठिकाणी कोटेशन घ्या, पण कागद आणि बांधणी एकच सांगून घ्या, नाहीतर तुलना करता येत नाही. छापायला सोडण्याआधी एक डमी प्रत मागा आणि ती उघडून उताणी ठेवा. पानं सुटली तर बांधणी बदलायला लावा.

पावणेदोन लाखांच्या त्या प्रस्तावाबद्दल. वाईटच असेल असं म्हणत नाही. पण सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. हजारांतल्या किती प्रती तुमच्या हातात येणार? कॉपीराइट कुणाच्या नावावर? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर? आणि ओपन फाइल, म्हणजे ज्यात दुरुस्ती करता येते ती, तुम्हाला मिळणार का? एका ताईंना त्यांच्याच पुस्तकाची फाइल मिळेना म्हणून दुसऱ्या आवृत्तीला सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

आयएसबीएनला पैसे पडत नाहीत. दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून कुणी तीन हजार लावले तर ती मधल्याची मजुरी आहे. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-बुकला चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला, हयातभर आणि पुढं ६० वर्षं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे त्या हिशेबाची धास्ती नको.

स्वतः प्रकाशक झालात की एक कर्तव्य मागं लागतं, जे निम्मे लोक विसरतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी. पोस्टाची पावती जपून ठेवा. पाचवी प्रत कायद्यानं नाही, माझ्या सांगण्यावरून, करवीर नगर वाचन मंदिराला. १८५० पासूनची संस्था आहे, तुमचे कितीतरी मेंबर तिथं पेपर वाचायला जात असतील.

विक्रीबद्दल फार बोलत नाही. दुकानात ठेवलंत तर चाळीस ते पन्नास टक्के कमिशन जातं, ३०० प्रतींत ते परवडत नाही. तुमचा वाचक खाड्यांच्या वहीतच आहे. त्या नावांतली शंभर माणसं आज फोनवर सापडतील, आणि एकाला सापडलं की तो त्याच्या खोलीतल्या तिघांना सांगतो. प्रकाशन शाहू स्मारकला करा किंवा जुन्या खानावळीच्या जागेत, पण पाहुणे दोनच बोलवा आणि नंतर जेवायला घाला. तुमच्याकडे लोक भाषणाला येणार नाहीत.

वेळेचं शेवटी. श्रावण ते दिवाळी छापखान्यांत दिवाळी अंक असतात, त्यानंतर दिनदर्शिका. त्या गर्दीत घुसू नका, घाईत चुका राहतात. गुढीपाडव्याला पुस्तक हातात हवं असेल तर पक्का मजकूर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेटरकडे जायला हवा, म्हणजे संपादनाला दिवाळीपर्यंतचा वेळ मिळतो. त्याआधी काकूंचं रेकॉर्डिंग उरका. दुपारी दोननंतर बसा, भांडी झाल्यावर, आणि तुम्ही त्या खोलीत थांबू नका.